शिट्टी नसलेले भांडे

मित्रांनो, मी एक जुना मोका पॉट आहे, म्हणजे घरच्या शेगडीवर कॉफी करायचे ॲल्युमिनियमचे भांडे. मी आठ पैलूंचा, कमरेत बारीक, काळ्या मुठीचा. फळीवरची पातेली आणि डबे दिवसचे दिवस निवांत बसून राहतात. मला ते कधी जमले नाही. माझा स्वभावच तळमळ्या. माझ्या बुडात पाणी भरतात, कमरेतल्या गाळण्यात कॉफीची पूड घालतात आणि वर रिकामी किटली फिरवून घट्ट बसवतात. खालून आच लागली की बुडात वाफ धरते. ती वाफ पाण्याला वर ढकलते, पाणी पुडीतून वाट काढते आणि कॉफी होऊन वरच्या किटलीत उतरते. बुडातले पाणी वर पोहोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

कुकरला शिट्टी असते. काही बिनसले तर तो आरडाओरडा करतो. मला शिट्टी नाही. माझ्या बुडाच्या कडेला पितळेची वाटाण्याएवढी झडप आहे, तेवढीच. वर जायची वाट बंद झालीच, तर कोंडलेल्या वाफेने त्या झडपेतून बाहेर पडावे, अशी ती सोय. एरवी तिचे काही काम नसते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते.

माझा जन्म इटलीतला. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा कारखाना होता. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून मला घडवले. एका बाईने मला फिरत्या चाकावर घासून लख्ख केले, झडपेवर अंगठा दाबून पाहिला आणि खोक्यात घातले. पुढे दोन वर्षे मी एका दुकानाच्या मांडणीवर होतो. माणसे येत, मला उचलत, पुन्हा ठेवत. शेजारची भांडी एकेक करून संसाराला लागली आणि मी मात्र धूळ खात होतो. कधी एकदा पाण्याशी गाठ पडते, असे मला झाले होते.

अखेर १९९३ च्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या बाईने मला विकत घेतले. तिच्या घरी श्यामसुंदर नावाचे एक इंजिनीअर तीन महिने भाड्याने राहत होते. नवी मुंबईत महाप्याला एक कारखाना होता. तिथे बिस्किटे पुड्यांत भरणारी यंत्रे बनत. नवे यंत्र शिकण्यासाठी कारखान्याने त्यांना इटलीला धाडले होते. त्यांना त्या आजीची भाषा येत नव्हती, आजीला त्यांची येत नव्हती. रोज सकाळी ती त्यांच्यापुढे कॉफीचा छोटा पेला ठेवी आणि ते मान डोलवत. एवढ्यावरच दोघांचा लोभ जडला. ते परत निघाले तेव्हा तिने मला त्यांच्या हातात दिले आणि खाणाखुणांनी कॉफीची कृती सांगितली. सांगितल्या चार गोष्टी. श्यामसुंदरांच्या लक्षात राहिल्या दोन.

मी स्वेटरमध्ये गुंडाळलेला असा शिरवण्याला आलो.

शिरवणे हे नेरुळातले जुने गाव. भोवती सिडकोच्या इमारती उठल्या होत्या आणि गावातल्या लोकांनीही आपल्या घरांवर मजले चढवून भाडेकरू ठेवले होते. अशाच एका घराच्या पहिल्या मजल्यावर श्यामसुंदर, त्यांची पत्नी सुनीती आणि आठ वर्षांची मुलगी क्षिप्रा राहत होती. खांदेश्वरला त्यांचे स्वतःचे घर बांधून व्हायचे होते. आज मिळेल, उद्या मिळेल, असे दीड वर्ष चालले होते. खाली घरमालक राहत. देवजी आणि गोजरा. देवजींचा जन्म मिठागरात गेला होता. खाडीकाठचे ते आगर केव्हाच सरकारजमा झाले, घरात भाडे येऊ लागले, पण देवजींच्या हातांना काम उरले नाही. ते दिवसभर जिना चढत-उतरत. पाण्याचा पंप लाव, टाकी बघ, कोणाचा नळ गळतो तो आवळ. बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिले.

आणि सुनीती. त्या मूळच्या साताऱ्याच्या. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या. साताऱ्यात शाळेत शिकवत होत्या, ते सोडून नवऱ्यामागे इथे आल्या. वाशी, नेरुळ, बेलापूर, सगळ्या शाळांत त्यांचे अर्ज गेले होते. पोस्टमन जिन्याखाली दिसला की त्या गॅस बारीक करून गॅलरीत जात आणि रिकाम्या हाताने परत येत. नवरा कंपनीच्या बसने सातला जाई, मुलगी शाळेत जाई, मग त्या आणि मी. त्यांच्या पोटातली तळमळ मला फळीवर बसून कळे. माझ्यासारखेच त्यांचेही काहीतरी वर चढू पाहत होते आणि वाट मिळत नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कमरेत बाजारची तयार कॉफी घातली, जी कपात ढवळून पितात ती. तिचा चिखल झाला. दुसऱ्या दिवशी कुठूनशी फिल्टरची बारीक पूड आणली, चमच्याने ठासून भरली आणि आच मोठी केली. कॉफी आली ती काळीकुट्ट, थुंकत थुंकत. खालून गोजरा वर आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, काष्ट्याचे लुगडे, आवाज खणखणीत.

"काय जललं गो बाय? आख्खे घरान वास सुटलाय."

"जळलं नाही मावशी, कॉफी आहे," सुनीती ओशाळून म्हणाल्या. "घेता का?"

गोजरांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "बाय माजे! कॉपी कसली, यो तं काढा हाय. ताप आल्याव देतान तसला."

दोघी इतक्या हसल्या की सुनीतींना ठसका लागला. या घरात त्या असे हसल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

त्या दिवसापासून सुनीतींनी मला मनावर घेतले. त्या विज्ञानाच्या शिक्षिका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते बघायचे, ही त्यांची रीत. महिन्यातून एकदा बसने चेंबूरला जाऊन त्या कॉफीच्या ताज्या भाजलेल्या बिया दळून आणू लागल्या. दुकानदाराला सांगत, "पिठासारखी नको. बारीक रव्यासारखी द्या." पूड गाळण्यात नुसती भरायची, बोटाने सपाट करायची, दाबायची नाही, हे त्यांना आठवड्याने उमगले. पाणी आधी दुसऱ्या पातेल्यात गरम करून घ्यायचे, म्हणजे पूड उगीच तापत राहत नाही, हे त्यानंतर. पाणी झडपेच्या खालीच थांबवायचे, हे श्यामसुंदरांना आठवत होते. सर्वांत शेवटी त्यांना आच सापडली. माझ्या बुडाबाहेर ज्योत डोकावता कामा नये.

ती सकाळ मी विसरणार नाही. माझे झाकण उघडे होते. सुनीती वाकून बघत होत्या. बुडातले पाणी हळूहळू सरकू लागले, पुडीत शिरले, आणि किटलीच्या मधल्या नळीतून एक गडद धार निघाली, काकवीसारखी संथ. मग ती मधाच्या रंगाची झाली. मग फिकट फेस आला आणि मी खुरखुरू लागलो. त्याच क्षणी त्यांनी गॅस बंद केला आणि माझे बूड नळाखाली धरले. खुरखुर थांबली. पेल्यात ओतून त्यांनी घोट घेतला आणि तशाच पेला घेऊन जिना उतरून खाली गेल्या.

"मावशी, आता बघा."

गोजरांनी बघितले. देवजींनाही दिली. देवजींनी एक घोट घेतला. "कडू हाय," ते म्हणाले, "पन गोड कडू हाय."

मग माझे चांगले दिवस आले. रोज सकाळी दहाच्या सुमारास देवजी टाकी बघायच्या निमित्ताने वर येत, गोजरा भाजी निवडायला घेऊन येत. महाप्याची मंडळी रविवारी मुद्दाम येत. "अहो श्यामसुंदर, हे इटलीचं इंजिन आम्हालाही दाखवा की," असे म्हणत मला हातात घेऊन फिरवत. क्षिप्राला कॉफी मिळत नसे, पण झाकण उघडून धार बघायचा मान तिचा होता. ती माझ्याजवळ स्टूल ओढून उभी राही आणि ओरडे, "आली, आई, आली!" मित्रांनो, स्तुतीने भांडेही फुगते. मला वाटू लागले की या घरातली सगळ्यांची तगमग मीच शांत करतो.

पण माझ्या आत काहीतरी चालले होते आणि ते फक्त मला माहीत होते.

१९९५ च्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येऊ लागले. देवजींनी परसात बोरिंग मारले होते, त्याचे पाणी टाकीत चढवावे लागले. ते पाणी जड होते. प्रत्येक वेळी उकळले की माझ्या बुडात एक पांढुरका पापुद्रा सोडून जाई. सुनीतींनी कुठेतरी ऐकले होते की मोका पॉट साबणाने घासायचा नसतो, नुसता विसळायचा. ते खरेच आहे. पण त्या आत कधी नजर टाकत नसत. पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेला. एके दिवशी मला जाणवले की झडपेच्या आतल्या तोंडाशी काहीतरी बसते आहे. मी प्रत्येक उकळीला ते ढकलून पाहिले. ते निघाले नाही. उलट दाटत गेले.

मला फळीवर चैन पडेना. झडप बंद होत होती. म्हणजे उद्या वरची वाट अडली, तर वाफ जाणार कुठे? आणि माझ्याजवळ स्टूल ओढून कोण उभे राहते? मी थरथरायचा प्रयत्न केला, तर लोकांना वाटले बर्नर हलतो आहे. मला शिट्टी असती तर! मला एक शब्द असता तर!

जून महिन्यात पोस्टमनने एकदाचे ते पत्र आणले. वाशीच्या एका शाळेत सुनीतींना नोकरी लागली. त्या पत्र वाचता वाचता खाली धावल्या आणि गोजरांच्या गळ्यात पडल्या. मलाही आनंद झाला. पण नोकरी सकाळची होती. आता दहाची कॉफी सहाला आली. डबे, वेणी, इस्त्री, बस, आणि त्यातच मी. चेंबूरला जायला सवड उरली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या फिल्टरची बारीक पूड आणू लागल्या. लवकर व्हावे म्हणून आच मोठी झाली. जास्त कडक व्हावी म्हणून पूड चमच्याने दाबली जाऊ लागली. एवढ्या कष्टाने शिकलेल्या गोष्टी त्या एकेक करून विसरल्या. मी त्यांना दोष देत नाही. माणूस दमला की आधी हातांचे शहाणपण जाते.

ऑगस्टमधला एक सोमवार होता. सकाळचे सहा वाजून गेले होते. सुनीतींनी मला भरले, घाईघाईने वरचा भाग आवळला, गॅस मोठा केला आणि त्या साडी नेसायला आतल्या खोलीत गेल्या. श्यामसुंदर दाढी करत होते. क्षिप्रा दात घासून स्वयंपाकघरात आली आणि सवयीने स्टूलवर चढली. झाकण उघडून ती बघत राहिली.

बुडात वाफ धरली. मी पाणी वर ढकलले. पूड हटली नाही. बारीक आणि ठासलेली, ती चिखलाच्या भिंतीसारखी बसली होती. मी आणखी जोर केला. झडपेकडे वळलो. झडपेला चुन्याचे बूच बसले होते. खालून ज्योत माझ्या अंगाला चारी बाजूंनी चाटत होती. माझे सांधे ताणू लागले.

"आई, येतच नाहीये!" क्षिप्रा म्हणाली.

"येईल गं, थांब जरा," आतून आवाज आला.

जा, पोरी, बाजूला हो, असे मी माझ्या सगळ्या धातूनिशी म्हणत होतो. ती आणखी जवळ वाकली.

तेवढ्यात देवजी पंप लावून जिन्यावरून वर टाकीकडे निघाले होते. दार उघडे होते. रोज त्या वेळी माझी खुरखुर त्यांच्या कानावर पडायची, ती आज आली नाही म्हणून त्यांनी आत पाहिले. मोठी ज्योत, मुके भांडे, आणि त्यावर वाकलेली मुलगी.

"पोरी, सरक!"

त्यांनी एका हाताने क्षिप्राला स्टूलवरून ओढून मागे लोटले आणि दुसरा हात गॅसच्या बटणाकडे घातला. बटण फिरले, आणि त्याच क्षणी माझ्या कमरेच्या जोडातली रबराची चकती फाटली. कोंडलेली वाफ, उकळते पाणी, काळी पूड, सगळे एकदम बाजूने सुटले, ते देवजींच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत.

ते ओरडले नाहीत. "पानी," एवढेच म्हणाले.

सुनीती अर्ध्या साडीत धावत आल्या. श्यामसुंदरांनी देवजींचा हात नळाखाली धरला. क्षिप्रा भिंतीला चिकटून उभी होती. मी शेगडीवर तिरका झालो होतो, आणि माझ्यातून कॉफी ओट्यावर ठिबकत होती. अशी कॉफी मी कधी केली नव्हती.

देवजींना दवाखान्यात नेले. हात बरा व्हायला सात आठवडे लागले. त्या संध्याकाळी गोजरा वर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आग होती.

"ते भांडं माजे घरान ठेवू नको, सांगून ठेवते. खाडीन टाक, नायतर भंगारान टाक. पन हितं नको."

सुनीती मान खाली घालून म्हणाल्या, "चूक माझी आहे, मावशी."

"व्हय, तुजीच हाय," गोजरा म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी भाजी निवडायला जिना चढणे सोडले.

श्यामसुंदर मला भंगारात टाकणारच होते. सुनीतींनी टाकू दिले नाही आणि वापरलेही नाही. मला पिशवीत घालून माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे सारले. तिथे अंधार होता आणि पालींची ये-जा. पण अंधाराचे मला दुःख नव्हते. ज्या माणसाने माझ्या कॉफीला "गोड कडू" म्हणून माझ्यावर माया केली, त्याला मीच भाजले, हे मला स्वस्थ बसू देईना. खालून आवाज येत. सुनीती रोज शाळेतून आल्या की चपला काढायच्या आधी खाली जात आणि देवजींच्या हाताची पट्टी बदलत. गोजरा शेजारी बसून असत, पण बोलत नसत. आणि क्षिप्रा, आईने काडी ओढली की स्वयंपाकघरातून बाहेर पळत असे. कुकरची शिट्टी झाली तरी कानावर हात ठेवून गॅलरीत जाऊन उभी राही. बोलावले, समजावले, रागावले. ती येत नव्हती.

दिवाळीनंतर एका दुपारी देवजींचा आवाज थेट माळ्याखाली आला.

"सुनीती बाय, ते भांडं दाव जरा."

"कशाला काका? मला त्याच्याकडे बघवत नाही."

"माना बगायचंय. त्याला झालवतं काय, ते समजाया नको?"

त्यांनी मला खाली अंगणात नेले आणि माझे तिन्ही भाग सुटे केले. त्यांच्या उजव्या हाताची कातडी गुलाबी, सुरकुतलेली झाली होती. त्या हातानेच त्यांनी माझ्या बुडात बोट घातले, पांढरा पापुद्रा खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"मीठ असेल," सुनीती म्हणाल्या. "खाडीजवळचं पाणी ना."

देवजी हसले. "माजे सारके मिठागरवाल्याला सांगतेस? मीठ आसतं त पान्यान इरघललं आसतं. यो चुना हाय, बोरिंगचे पान्याचा. नि यो बग." त्यांनी माझी झडप उजेडात धरली. "भांड्याचं नाक बंद झालवतं, बाय. त्यानी तरी काय करायचं?"

सुनीती बघत राहिल्या. मग त्या पायरीवर बसल्या आणि ओंजळीत तोंड धरून रडल्या. "काका, मी मुलांना शाळेत हेच शिकवते. जड पाणी, मऊ पाणी. आणि माझ्याच घरात..."

आतून गोजरांनी ते ऐकले. त्या बाहेर आल्या नाहीत. पण थोड्या वेळाने दारातून एक हात बाहेर आला आणि पायरीवर चार लिंबे ठेवून आत गेला.

देवजींनी लिंबाचा रस कोमट पाण्यात घालून मला भिजत ठेवले. चुना सुटला. त्यांनी सुईने झडपेची आतली बारीक कळ हलवत हलवत मोकळी केली. ती पहिल्यांदा आत-बाहेर झाली तेव्हा मला किती महिन्यांनी श्वास मिळाला, ते तुम्हाला कसे सांगू? श्यामसुंदरांनी महाप्याहून अन्नाला चालणाऱ्या रबराची नवी चकती कापून आणली. देवजींनी अंगणात वातीचा स्टो मांडला. "घरान नको तर अंगनान," ते मोठ्याने म्हणाले, आतल्या कोणालातरी ऐकू जाईल असे. आधी त्यांनी पूड न घालता नुसते पाणी दोनदा उकळून पाहिले. मग चेंबूरची पूड, सैल भरलेली. बारीक आच. आणि ते जागचे हलले नाहीत. ज्यांना मी कधी बसलेले पाहिले नव्हते, ते देवजी पाटावर बसून माझ्याकडे बघत राहिले.

धार आली. तीन पेले भरले. चौथा पेला देवजींनी दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग काकणे वाजली आणि पेला उचलला गेला. क्षिप्रा मात्र फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. ती आली नाही.

पुढच्या वर्षी खांदेश्वरचे घर ताब्यात आले. सामान टेम्पोत चढत असताना सुनीतींनी मला टॉवेलमध्ये गुंडाळले. तेवढ्यात गोजरा जवळ आल्या, पदर चाचपडत.

"ते नेतेस काय?"

"तुम्हीच तर म्हणाला होता, मावशी, घरात नको."

"म्हनलवतं," गोजरा म्हणाल्या. "पन म्हाताऱ्याची सकाल जाते त्याचेसंगं. ऱ्हाऊ दे हितं." आणि मग खालच्या आवाजात, "नि तुमी पन येत ऱ्हावा, गो. भांडं ठेवलंव, तं यावाच लागंल."

सुनीतींनी मला त्यांच्या हातात दिले. दोघींनी एकमेकींचे हात लवकर सोडले नाहीत. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मला फार तुटल्यासारखे झाले. माझी माणसे गेली होती, आणि माझी माणसे इथेच होती.

सुनीती आणि क्षिप्रा खरोखर येत राहिल्या. महिन्या-दोन महिन्यांतून एक रविवार. क्षिप्रा उंच झाली, चष्मा लागला, अभ्यासात पुढे गेली. पण शेगडी पेटली की ती अजून उठून जाई. आता कोणी काही म्हणत नसे.

१९९८ सालच्या थंडीत देवजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. रविवारी सुनीती आणि क्षिप्रा भेटायला आल्या. गोजरा गावात एका हळदीला गेल्या होत्या. देवजी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसले होते आणि पाय हलवत होते.

"चार दीस कॉपी नाय," ते म्हणाले. "डाक्तर म्हनला, आगीजवल जाऊ नको. म्हातारीला येल नाय. क्षिप्रा, तू करशील?"

सुनीती चटकन उठल्या. "मी करते काका."

"तू बस गो. माजी पोरीसंगं बात चाललीय."

 क्षिप्राची नजर देवजींच्या हातावर होती, त्या गुलाबी कातडीवर. देवजींना नीट दिसत नव्हते, पण त्यांना समजले. त्यांनी हात पुढे केला. "दुकत नाय आता. बग हात लावून."

तिने बोटे टेकवली. मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश फिरवली. मग ती उठून स्वयंपाकघरात आली आणि तिने मला फळीवरून काढले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तिचे हात गार होते. तिने माझे भाग सुटे केले आणि बुडात डोकावून पाहिले. झडपेची कळ नखाने दाबून बघितली. पाणी भरले, पूड घातली, दाबली नाही. वरचा भाग आवळला. पहिली काडी तुटली. दुसरी विझली. बाहेर सुनीती खाटेची कड धरून बसल्या होत्या, आणि देवजी त्यांना उगाच टाकीची हकीकत सांगत होते. तिसऱ्या काडीला गॅस पेटला. क्षिप्रा दोन पावले मागे गेली. मित्रांनो, मला वाटले, ही आता जाणार. ती थांबली. आणि दोन पावले पुढे आली. तिने वाकून ज्योत बारीक केली, माझे झाकण उघडले आणि तिथेच उभी राहिली.

तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी पाणी वर सोडले, जमेल तितके हलके. धार निघाली.

"आली," ती म्हणाली. अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असे. मग मोठ्याने, "आई, आली!"

तिने पेले भरून बाहेर नेले आणि त्या दिवशी स्वतःही एक घोट घेतला. तिचे तोंड वाकडे झाले. "शी! केवढी कडू आहे!"

"मंग?" देवजी म्हणाले. "कॉपी हाय ती."

आता माझी मूठ तडकली आहे, तिला तार गुंडाळली आहे. पैलू काळवंडले आहेत. चकचकीत विजेची यंत्रे दुकानांत आली आहेत, असे ऐकतो. उद्या मीही भंगारात जाईन, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण जायच्या आधी एक मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरात रोज राबणारी पुष्कळ मुकी भांडी आहेत. त्यांना महिन्यातून एकदा उघडून आत बघा. कुठे काय साचले आहे, कोणते तोंड बुजत चालले आहे, ते वेळेवर पाहा, कारण आम्हाला सांगता येत नाही. आगीवर काही ठेवलेत तर जवळ राहा. घाईचा दिवस असेल तर कॉफी नका करू, पाणी प्या आणि जा. आणि तुमच्या घरात एखादे माणूस भाजले असेल, घाबरले असेल, तर त्याला ओढून शेगडीपाशी आणू नका. हात पुढे करा, बघू द्या, आणि खाटेवर बसून राहा. तिसऱ्या काडीपर्यंत थांबा.